पाठ : नवे घर आणि पहिला पाऊस

इस्राएलमध्ये पहिले घर घेतले की आधी दाराच्या चौकटीला मेझुझा लावतात. तिच्यातल्या चर्मपत्रावर शेमाचे दोन उतारे असतात. दुसऱ्या उताऱ्यात योरे आणि मलकोश, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या पावसाचे नाव येते. घराची परीक्षाही योरेच घेतो. उन्हाळ्यात चावी मिळते तेव्हा भिंती कोरड्या असतात. थंडीत पाऊस सुरू झाला की कोपऱ्यात ओल दिसते आणि रंगाचे पोपडे सुटतात.

कोकणात आपली वडीलधारी मंडळी जूनच्या आधी घर शाकारत, म्हणजे फुटकी कौले बदलून छप्पर नीट करत. अश्दोद किंवा लोदच्या इमारतीत कौले नाहीत, पण वेळेआधी पाहण्याची ती सवय इथेही उपयोगी आहे.

ओल की घाम?
बंद खोलीत थंड भिंतीला घाम येतो. भिंत पुसून तिथे ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. थेंब खोलीच्या बाजूला आले, तर खिडकी उघडावी आणि कपाट भिंतीपासून सरकवावे. थेंब फॉइलच्या मागे आले, तर पाणी भिंतीतून येते आहे. नळीची शंका असेल, तर सगळे नळ बंद करून पाण्याचे मीटर पाहावे. काटा फिरत राहिला, तर कुठेतरी गळती आहे.

दुरुस्ती कोणी करायची?
बांधकाम करणाऱ्याकडून नवे घर घेतले असेल, तर 1973 चा घरविक्री कायदा लागू होतो. दोषाच्या प्रकाराप्रमाणे मुदत ठरते. ती निदान एक वर्षाची असते, काही दोषांना जास्त मिळते. दोष दिसताच फोटो काढून लेखी कळवावे आणि कबलानला दुरुस्तीची संधी द्यावी. आधीच दुसऱ्याकडून काम करून घेतले, तर हक्क कमजोर होऊ शकतो. इमारतीचे छप्पर सहसा सर्वांच्या मालकीचे असते. ते गळत असेल, तर वाद-बायितकडे जावे.

थांबू नये असा दोष
पोपडे महिनाभर थांबतील, हलणारा कठडा थांबणार नाही. तोरात (अनुवाद 22:8) नवे घर बांधणाऱ्याला छपराला कठडा घालण्याची आज्ञा आहे, कारण कोणी पडले तर त्या रक्ताचा दोष घरावर येतो. म्हणून घरभरणीच्या मलिद्याला पाहुणे बोलावण्याआधी गच्चीचा कठडा हलवून पाहावा.

शब्द
ओल – रतिवूत
गळती – नेझिला
दुरुस्ती – तिकून
कंत्राटदार – कबलान
नळकाम करणारा – इन्स्टलातोर
गच्ची – मिरपेसेत

स्वाध्याय
1. घर शाकारणे म्हणजे काय? घरातल्या आजी-आजोबांना विचारून पाच ओळी लिहा.
2. आजीच्या न्हाणीघरात गळती आहे. ती मराठीत सांगेल, नातवाने इन्स्टलातोरला हिब्रूत सांगावे. हा संवाद वर्गात करून दाखवा.
3. कोणता दोष थांबू शकतो आणि कोणता नाही? कारण द्या.