चातुर्मासाचा एक नेम शेताच्या वहीसाठी



आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागतोय. कोणी कांदा-लसूण सोडतं, कोणी वांगं सोडतं, कोणी रोज पोथी वाचतं. सोयाबीनचा हंगामही याच चार महिन्यांत पार पडतो. आषाढीला कोळपणी-खुरपणी चालू असते आणि कार्तिकीपर्यंत बऱ्याच जणांचा माल काट्यावर गेलेला असतो. म्हणून यंदा एक नेम शेतीच्या हिशोबासाठी धरा. ज्यांच्या घरी चातुर्मास पाळत नाहीत, त्यांनीही हेच चार महिने धरायला हरकत नाही.

*नेम १: रात्री जेवायच्या आधी वही*
शंभर पानी वही पुरते. रोज एक ओळ लिहा: तारीख, कोणतं शेत, काय काम, माणसं किती, पैसे किती, रोख की उधार. आठवड्याचं एकदम लिहायला बसलं की डिझेल, मजुरांचा चहा, टेम्पोचं भाडं हमखास सुटतं. पेरणीचा झालेला खर्च आजच पहिल्या पानावर आठवून लिहा.

घरच्या माणसांची मजुरीही लिहा. खुरपायला मालकीणबाई आणि सूनबाई गेल्या, तर दोन मजूर लावले असते तेवढी रक्कम मांडा. सरकार हमीभाव ठरवताना घरच्या कष्टाची मजुरी खर्चात धरतं, मग आपण का सोडायची?

*नेम २: पक्की पावती, एकाच पिशवीत*
बियाणं, खत, औषध, काहीही घ्या, पावती मागूनच घ्या. बियाणं उगवलं नाही तर तक्रारीला पावती, पिशवी आणि टॅग लागतात. पिशवी फेकली की तक्रार कच्ची पडते.

*नेम ३: उधार घेताना दोन्ही भाव लिहा*
समजा औषध रोखीने १,००० रुपयांना आहे आणि मळणीनंतर पैसे देतो म्हटलं तर १,१००. शंभर रुपये थोडे वाटतात. पण चार महिन्यांना शेकडा १० म्हणजे वर्षाला शेकडा ३० व्याज झालं! उधारी कधी कधी घ्यावीच लागते. फक्त ती केवढ्याला पडली ते वहीत दिसू द्या.

*नेम मोडला तर?*
एखादी एकादशी चुकली म्हणून कोणी वारी सोडत नाही. दोन दिवस राहिले तर तिसऱ्या दिवशी आठवेल तेवढं लिहा आणि पुढे चला. डोळ्यांनी दिसत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला-पोरीला सांगा, लिहून देतील.

*कार्तिकीला उद्यापन*
सगळ्या खर्चाची बेरीज करा. मळणी, वाहतूक, हमाली, तोलाई धरूनच. बेरजेला आलेल्या क्विंटलने भागा. उदाहरणादाखल एकरी खर्च २२,००० रुपये धरू:

▪️ उतारा ८ क्विंटल: क्विंटलला २,७५० रुपये पडले
▪️ उतारा ५ क्विंटल: क्विंटलला ४,४०० रुपये पडले

खर्च सारखाच, पण ४,२०० च्या भावात पहिल्याला क्विंटलमागे १,४५० उरतात आणि दुसऱ्याच्या पदरचे २०० जातात. म्हणून शेजाऱ्याला परवडला तो भाव आपल्याला परवडेलच असं नाही. आपला आकडा हातात असला की आज किती पोती काढायची, किती ठेवायची, हे व्यापाऱ्याच्या फोनवर नाही, तर आपल्या वहीवर ठरतं. पुढच्या वर्षी कोणता खर्च कमी करायचा, तेही तिथेच सापडतं.

*आजचं काम:* वही आणा, पहिल्या पानावर पेरणीचा खर्च लिहा आणि ग्रुपवर फक्त "नेम धरला" असं कळवा. आकडे टाकू नका, ते तुमचे आहेत. बेरीज जमली नाही तर कार्तिकीनंतर वही घेऊन ऑफिसला या, सोबत बसून करू.

आपला,
कृषी सल्लागार