इंजिन बसले, पण जुळले का?
जुने इंजिन घेणाऱ्या, बसवणाऱ्या आणि विकणाऱ्यांसाठी एक पाठ

आमचा धंदा कापडाचा. इंजिनावर लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. उत्तर एवढेच की, या विषयात आम्ही पैसे घालवून शिकलो आहोत. आमच्या वाचकांत व्हॅनवर माल फिरवणारे व्यापारी आहेत, गॅरेजचे मिस्त्री आहेत आणि भंगारातल्या गाड्या फोडून सुटे भाग विकणारे बंधूही आहेत. हा पाठ तिघांसाठी आहे.

कापडात एक साधा नियम आहे. क्वालिटी एक, रंग एक, पण डाइंगचा लॉट वेगळा असेल तर दोन ताग्यांतून एक सदरा बेतू नये. दुकानात ट्यूबलाइटखाली दोन्ही तागे सारखेच दिसतात. उन्हात गेल्यावर बाही वेगळी आणि पाठ वेगळी. इंजिनाचेही असेच आहे. कंपनी एक, सीसी एक, पण मॉडेलचे साल वेगळे म्हणजे लॉट वेगळा.

आमचे काय झाले?

सन २००६ ची गोष्ट. आमच्याकडे १९९८ ची मारुती ओम्नी होती. रेडिएटर गळत होता, तिकडे आम्ही दुर्लक्ष केले आणि इंजिन तापून बसले. बोअर-कामाचा खर्च ऐकून आम्ही तयार इंजिन शोधू लागलो. मुंबईच्या जुन्या मालाच्या बाजारात २००३ च्या ओम्नीचे इंजिन मिळाले. ‘अपघातातल्या गाडीचे आहे, मागून ठोकर होती, इंजिनाला धक्का नाही,’ असे विकणाऱ्याने सांगितले. आमचेही इंजिन तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे, तेही तसेच. भाव कमी होता. आम्ही खूश झालो.

गॅरेजमध्ये आणल्यावर कळले की आमची गाडी कार्ब्युरेटरची आणि हे इंजिन एमपीएफआयचे. वायरिंग हातभर ठेवून कापलेले आणि त्याचा संगणक, ज्याला मिस्त्री लोक ईसीएम म्हणतात, तो दुसऱ्याच गिऱ्हाइकाला विकलेला. मिस्त्रीने जुने मॅनिफोल्ड, जुना कार्ब्युरेटर आणि करंटचे सामान जुळवण्यात चार दिवस घालवले. गाडी सुरू झाली. चाळीस दिवसांनी भिवंडीहून भरलेली गाडी येत असताना ठोके सुरू झाले आणि कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला.

इंजिन उघडले तेव्हा ऑइल चेंबरच्या कोपऱ्यांत बारीक चिखल वाळलेला दिसला. दुसरा एक रॉडही किंचित वाकलेला होता. मग उलगडा झाला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. आमचे इंजिन अपघाताचे नव्हे, पुराचे होते. विकणाऱ्याकडे गेलो तर तो म्हणाला, ‘पाण्यातले आहे का, असे तुम्ही विचारलेच नाही.’ बिलावर लिहिले होते, ‘जुने इंजिन, नग एक.’ नंबर नाही, गाडीचे साल नाही. आम्ही मुकाट परत आलो.

घेण्यापूर्वी चार गोष्टी

पहिली, बसणी. माउंटिंगची भोके जुळली म्हणजे काम झाले असे नव्हे. आपल्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर नव्या इंजिनाबरोबर आलेली क्लच प्लेट हाताने सरकवून पाहावी. दात जुळले नाहीत किंवा प्लेटचा घेर वेगळा निघाला, तर फ्लायव्हीलसह जुना संच बसतो का ते तपासावे. फ्लायव्हीलच्या दात्यांशी स्टार्टर जुळतो का, हेही पाहावे. मारुती ८०० आणि ओम्नी यांचे नाते जवळचे असले, तरी ८०० मध्ये इंजिन आडवे असते आणि पुढची चाके ओढतात. ओम्नीत ते सीटखाली उभ्या रेषेत असते आणि मागची चाके ढकलतात. म्हणून ‘मारुतीचेच आहे’ एवढ्यावर विसंबू नये.

दुसरी, पेट्रोल आणि करंट. एप्रिल २००० पासून देशभर प्रदूषणाचे नवे नियम आले आणि कार्ब्युरेटर हळूहळू मागे पडला. त्या वेळच्या गाड्यांत साल बदलले की सगळी मांडणी बदलते. कार्ब्युरेटरला पेट्रोल अगदी कमी दाबाने लागते. इंजेक्शनला साधारण अडीच-तीन बार दाब लागतो, त्यासाठी विजेचा पंप हवा, सेन्सर हवेत, ईसीएम हवा. असे इंजिन घ्यायचे तर एकाच गाडीचा पूर्ण संच घ्यावा: इंजिन, ईसीएम, न कापलेले वायरिंग, पंप. अर्धा संच स्वस्त दिसतो, पण उरलेला अर्धा शोधताना सगळी बचत संपते.

तिसरी, आतली तब्येत. ऑइलचे झाकण उघडावे. आत दुधाळ चहासारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी गेले आहे. प्लग काढून क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवावा, कुठे अडतो का पाहावे. गिअरबॉक्स आणि स्टार्टर लावून बॅटरीवर कॉम्प्रेशन गेज लावावा. तिन्ही सिलिंडरचे आकडे जवळजवळ हवेत. दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल तर शंका घ्यावी. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा दोष असण्याचा संभव अधिक.

पुराच्या इंजिनाची गोष्ट वेगळी. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. चालत्या इंजिनाने पाणी ओढले की वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि रॉड वाकतो. इंजिन सुकवले की पुन्हा सुरूही होते. वाकलेला रॉड मात्र रोज थोडा थोडा मरत असतो. म्हणून ऑइल चेंबर उघडून चिखल शोधावा. हेड उघडलेले असेल तर तिन्ही पिस्टन वर आल्यावर सारख्या उंचीला येतात का, ते पाहावे. आम्ही तासभर थांबून एवढे पाहिले असते तर नुकसान टळले असते.

इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप आणि क्रँकचे मागचे ऑइल सील बदलून घ्यावे. नंतर त्याच कामाला पुन्हा पूर्ण मजुरी पडते.

चौथी, कागद. इंजिनाचा नंबर आरसीवर असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलणे हे आरटीओच्या मंजुरीचे काम आहे. गाडी बनवणाऱ्याने दिलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला प्रत्येकी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. म्हणून दुसऱ्या सालाचे इंजिन घेण्याआधी आरटीओत विचारावे, नंतर नव्हे. नंबर बदलल्यावर विमा कंपनीलाही कळवावे. ज्याचा नंबर घासलेला आहे ते इंजिन फुकट मिळाले तरी घेऊ नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे आणि आपल्या दीनमध्येही हराम आहे.

विकणाऱ्याने काय करावे?

‘तुम्ही विचारलेच नाही’ हे उत्तर आमच्या कानात आजही आहे. सहीह मुस्लिममधील हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विकणारा म्हणाला. मग भिजलेले वर का ठेवले नाही की लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही असे सांगितले. गिऱ्हाइकाने आधी प्रश्न का विचारला नाही, असे तिथे कोणी म्हटले नाही. ऐब दाखवणे हे विकणाऱ्याचे काम आहे. फिकहमध्ये लपलेला ऐब निघाल्यास माल परत करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला दिला आहे, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात.

आम्ही कापडात डागी माल ‘सेकंड’ असा शिक्का मारून विकतो. भाव कमी येतो, पण माल विकला जातो आणि गिऱ्हाईकही परत येते. पुरातले इंजिनही विकता येते. त्याचे हेड, सुटे भाग, ब्लॉक यांना गिऱ्हाईक आहे. ‘पाण्यातले आहे, उघडून घ्या’ एवढे बिलावर लिहावे. त्यासोबत इंजिनाचा नंबर, गाडीचे साल आणि किती दिवसांत परत घेणार, हेही लिहावे. या चार ओळींना दोन मिनिटे लागतात.

आणि घेणाऱ्यांनी आमच्यासारखा स्वस्त भाव पाहून प्रश्न गिळू नये. आमची चूक तीच होती. मालाचा इतिहास विचारण्यात संकोच कसला? प्रामाणिक विकणारा रागावत नाही. जो रागावतो, त्याच्या दुकानातून सलाम करून निघावे.