लघुइंजिनाचा दिवा

चिरंजीव निरंजन यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. १:८७ प्रमाणातल्या तुझ्या डब्ल्यूपी इंजिनाचा पुढचा दिवा लख्ख उजळावा अशी तुझी इच्छा दिसते, आणि नेमकी तीच मला पटत नाही. १९४७ साली भारतात आलेल्या त्या बाष्पइंजिनाच्या निमुळत्या नाकाच्या मध्यभागी, पुष्कळदा भोवती चांदणी रंगविलेला, जो दिवा असे, तो इंजिनाच्याच वाफेवर फिरणाऱ्या छोट्या जनित्राने जळे. त्याच्या तापलेल्या तंतूच्या प्रकाशाला जी पिवळसर झाक होती, ती ज्याने फलाटावरून पाहिली आहे त्याला निळसर पांढरा झगझगाट क्षणभरही खरा वाटावयाचा नाही.

म्हणून दुकानात 'वॉर्म व्हाइट' म्हणून मिळते तीच एलईडी घे. रुळांतून मिळणाऱ्या बारा व्होल्टांपैकी सुमारे तीन एलईडी घेते. उरलेल्या नऊ व्होल्टांसाठी १ किलोओहमचा रेझिस्टर घातलास तर ९ मिलिअँपिअर प्रवाह वाहून डोळे दिपतील, परंतु १० किलोओहमचा घातलास तर ०.९ मिलिअँपिअरवर सौम्य, विश्वसनीय उजेड पडेल. रुळांतला प्रवाह उलटला की एलईडी विझते खरी, तथापि उलटा दाब तिला पाच व्होल्टांपलीकडे सहसा सोसत नाही. तेव्हा तिला समांतर, पण उलट्या दिशेने, एक साधा डायोड जोडण्यात हयगय करू नकोस.

फूटभर व्यासाचा दिवा या प्रमाणात जेमतेम साडेतीन मिलिमीटरचा भरतो, आणि बॉयलरचे पोट मोटरीने व वजनाने भरलेले. यास्तव एलईडी मागे सवडीच्या जागी बसवून प्रकाश ॲक्रिलिकच्या बारीक तंतूने नाकापर्यंत न्यावा. तंतूचे टोक तापलेल्या सोल्डरिंग आयर्नजवळ, न टेकविता, धरले की ते हळूहळू फुगून गोल होते आणि काचेच्या भिंगासारखे दिसू लागते. हे काम घाईचे नव्हे, आधी चार तुकड्यांवर हात बसू दे.

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे गळणारा प्रकाश. प्लास्टिकच्या कवचातून उजेड झिरपला, की सारे इंजिनच कंदिलासारखे उजळते आणि केलेली मेहनत वाया जाते. कवचाला आतून काळ्या रंगाचे दोन हात दे, एलईडीवर काळी नळी चढव, आणि बाहेरचे रंगकाम करण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत इंजिन चहूबाजूंनी पाहून खातरजमा कर. नंतर कवच उघडणे म्हणजे चांदणी पुन्हा रंगविणे.

सौ. वहिनींस नमस्कार.

तुझा,
काका