जुन्या बाईकची रेस उतरत नाही? कार्बोरेटर बदलण्याआधी या पाच तपासण्या करा



"भाऊ, हात सोडला तरी गाडी रेस घ्यायलीय." हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, कुठेही दुचाकीचं गॅरेज टाका, हे वाक्य तुमच्या कानावर पडणारच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि नव्या गाड्या बहुतेक फ्यूएल इंजेक्शनच्या आल्या. पण शेतावर जाणारी, दुधाचे कॅन वाहणारी जुनी स्प्लेंडर, सीडी हंड्रेड, प्लॅटिना अजून कार्बोरेटरवरच पळते. नवीन गॅरेजवाल्याचं गिऱ्हाईक हेच आहे.

व्हिडिओत काम हाताने करून दाखवलं आहे. इथे त्याचा क्रम लिहून देतोय, म्हणजे गॅरेजच्या भिंतीवर लावता येईल.

आधी कारण समजून घ्या

आपण मूठ पिळतो तेव्हा केबल कार्बोरेटरमधली स्लाइड वर ओढते. हवेची वाट मोठी होते, पेट्रोलही जास्त येतं, इंजिन रेस घेतं. मूठ सोडली की स्प्रिंग स्लाइडला खाली बसवते. म्हणजे रेस चढलेली राहते तेव्हा मुख्य संशय दोनच. एक, स्लाइड पूर्ण खाली बसत नाही. दोन, स्लाइड बसली आहे, पण हवा दुसऱ्या वाटेने इंजिनमध्ये घुसते. या दोन्हींत नवा कार्बोरेटर लागेलच असं नाही. म्हणून ज्याला पैसा लागत नाही ते आधी तपासायचं.

तपासणी १ : गिऱ्हाईकाला विचारा

रेस कधीपासून चढली? त्याआधी केबल बदलली होती का, कार्बोरेटर कुणी खोलला होता का? गार असताना चढते की तापल्यावर? चोक ओढलेला राहिला असेल तर रेस चढणारच, तो आधी बंद करा. गाडी दहा मिनिटं चालवून गरम करा, मगच निदान करा. बंद शटरच्या आत इंजिन चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

तपासणी २ : केबल आणि मूठ

गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू. हँडल पूर्ण डावीकडे वळवा, मग पूर्ण उजवीकडे. वळवताना रेस बदलली तर केबल ताणलेली आहे किंवा चुकीच्या बाजूने ओढून नेलेली आहे. मुठीला साधारण २ ते ६ मिलिमीटर मोकळी चाल हवी. इंजिन बंद करून मूठ पिळून सोडा, ती टक्कन मागे यायला हवी. हळू आली तर केबलमध्ये गंज किंवा धूळ आहे. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल दोन्ही केबलीत जातात. तेल सोडून मोकळी झाली तर ठीक, तार तुटायला लागली असेल तर केबल बदला.

तपासणी ३ : स्लोचा स्क्रू

कार्बोरेटरच्या बाजूला स्प्रिंग लावलेला स्क्रू असतो, तो स्लाइडला खालून टेकू देतो. तो हळूहळू बाहेर काढा. रेस उतरली तर कुणीतरी स्लो वाढवून ठेवली होती, एवढंच. १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांची स्लो १४०० आरपीएमच्या आसपास असते, नक्की आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. गाडीवर मीटर नसेल तर स्पार्क प्लगच्या वायरला लावायचा छोटा आरपीएम मीटर घ्या. स्क्रू पूर्ण सैल केला तरी रेस उतरत नसेल तर मात्र पुढे जा. ही खूण महत्त्वाची आहे.

तपासणी ४ : चोरून येणारी हवा

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये मॅनिफोल्ड, ओ-रिंग आणि गॅस्केट असतं. रबर जुनं झालं की तडकतं, बोल्ट वाजवीपेक्षा जास्त आवळले की फ्लँज वाकतो, आणि तिथून हवा घुसते. लक्षणं अशी की मूठ सोडली तरी रेस हळूहळू उतरते आणि सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येतो.

फवारणीच्या बाटलीत साधं पाणी घ्या आणि जोडावर थोडं थोडं मारा. इंजिनचा आवाज बदलला तर गळती तिथेच आहे. काही जण क्लीनर स्प्रे किंवा पेट्रोल मारतात. गरम इंजिनवर ते पेटू शकतं, पाणीच बरं. ओ-रिंग बदलताना दोन्ही पृष्ठभाग पुसून घ्या आणि दोन्ही बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने आवळा.

तपासणी ५ : आता कार्बोरेटर खोला

स्लाइड उलटी बसली आहे का बघा. तिचा कापलेला भाग एअर फिल्टरकडे हवा आणि खाच पिनमध्ये बसायला हवी. उलटी बसली तर गाडी चालू होताच रेस पकडते. मग स्लो जेट बघा. तो तुंबला की गार गाडी बंद पडते, म्हणून कुणीतरी स्लो वाढवतो, आणि गाडी तापली की रेस चढते. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेच्या प्रेशरने साफ करा.

मिश्रणाचा छोटा स्क्रू काढण्याआधी तो किती आटे बाहेर आहे ते मोजून लिहून ठेवा. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा कमी-जास्त करतो, इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोल. म्हणजे आत फिरवण्याचा परिणाम दोन्हींत उलटा.

आता धंद्याचं गणित

समजा, तुम्ही तपासणी न करता नवा कार्बोरेटर बसवला आणि त्यात ३०० रुपये सुटले. ओ-रिंग मात्र तीच जुनी. चार दिवसांनी रेस पुन्हा चढली. गिऱ्हाईक परत आलं, तुमचा एक तास फुकट गेला. शिवाय गावच्या पारावर "त्यानं उगाच कार्बोरेटर गळ्यात मारला" ही गोष्ट झाली. लहान गावात अशी गोष्ट बोर्डाच्या जाहिरातीपेक्षा लवकर पोचते.

दुसरी पद्धत बघा. तपासणीचे समजा १०० रुपये, आधीच सांगून. वीस मिनिटांत कारण सापडलं, ओ-रिंग बदलली, पार्ट आणि मजुरी वेगळी लिहिली, जुनी ओ-रिंग हातात दिली. पैसे कमी दिसतात, पण तो माणूस पुढची सर्व्हिसिंग तुमच्याकडेच करतो आणि शेजाऱ्याची गाडीही पाठवतो. तपासणी हे काम आहे, त्याचे पैसे मागायला लाजू नका. फक्त काम सुरू करण्याआधी सांगा.

गाडी देताना एक गोष्ट आठवणीने सांगा. रस्त्यात मूठ अडकून रेस चढली तर क्लच दाबायचा, ब्रेक मारत बाजूला यायचं आणि इंजिन बंद करायचं. हे दोन वाक्यांत होतं, आणि त्याच्या मागे बसलेल्या लेकराचा जीव वाचू शकतो.

या आठवड्याचं काम

एका वहीत पाच रकाने आखा: विचारपूस, केबल, स्लो, हवा, कार्बोरेटर. येणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीची नोंद करा, दोष कोणत्या रकान्यात सापडला ते लिहा. महिनाभराने वही उघडा. कोणता पार्ट दुकानात भरून ठेवायचा आणि कशात उगाच पैसे अडकवायचे नाहीत, हे तुमचीच वही सांगेल.