वहीवरचा किराणा

प्रश्न : आम्ही सहा जण, शेती कोरडवाहू. सोयाबीनचा पैसा दिवाळीनंतर दोन महिन्यांतच संपतो, मग किराणा वहीवर. खर्च कुठं कमी करू?
— एक गृहिणी, दुसरबीड (ता. सिंदखेड राजा)

उत्तर : ताई, चहा-साखरेला हात लावण्याआधी ती वही बघा. उधारीच्या गिऱ्हाइकाला भाव विचारायची सोय नसते, खरी गळती तिथंच आहे. पुढच्या हंगामात सोयाबीनची पट्टी हाती येताच आधी वही फाडा आणि दोन-तीन महिन्यांचा किराणा रोखीनं भरा. तेल घेताना पिशवीवरचं वजन वाचा. एक लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. म्हणजे 15 लिटरचा डबा जेमतेम पावणेचौदा किलोचा, 15 किलोचा नव्हे! भाव किलोवरच ताडा.

सोयाबीनमध्ये तुरीचे तास असतीलच. सगळी तूर विकून पुढं डाळ विकत आणणं मला कधीच पटलेलं नाही. घरापुरती ठेवा. क्विंटलमागे सत्तरेक किलो डाळ पडते, चुणी जनावरांना होते.

विजेचं थोडक्यात : 60 वॅटचा बल्ब रोज पाच तास जळाला तर महिन्याला 9 युनिट, 9 वॅटचा एलईडी दीड युनिटही खात नाही.

आणि अडचणीला सावकाराआधी बचत गट गाठा. मात्र शेकडा दोन रुपये महिना व्याज म्हणजे वर्षाला 24 टक्के. हे कर्ज बी-बियाण्याला किंवा दवाखान्याला घ्या, लग्नातल्या आहेराला नको.