नाणेघाट : धुकं असेल तर पायाखाली बघा

नाणेघाटाची वाट आता कुणाला सांगायची गरज नाही. कल्याणहून माळशेजमार्गे जाणारी पहाटेची एसटी धरा, वैशाखरे सोडल्यावर नाणेघाटाच्या वाटेशी उतरा, रमतगमत तीन तासांत माथा.

सप्टेंबरअखेरीस आम्ही गेलो तेव्हा जीवधनही करायचा बेत होता. धुक्याने तो तासाभरात मोडीत काढला. नानाचा अंगठा नाही, खालचं कोकण नाही, फोटो तर नाहीच. बघायला उरली फक्त वाट. आमच्यातला भूगोल शिकवणारा मित्र मग जो सुटला, तो माथ्यापर्यंत थांबला नाही.

ओढ्यातल्या एका धोंड्यापाशी त्याने सगळ्यांना खाली बसवलं. काळा दगड, अंगभर देवीच्या व्रणांसारखी भोकं. काही रिकामी, काही पांढऱ्या खनिजाने गच्च भरलेली. नखाएवढ्या एका पोकळीत सुईसारखे बारीक स्फटिक होते, पाण्याने चमकणारे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर येऊन पसरला, निवला, त्यावर पुढचा आला. असे किती थर चढले! वायूचे बुडबुडे प्रत्येक थराच्या वरच्या भागात अडकले आणि पुढे झिरपणाऱ्या पाण्याने त्यांत झिओलाइट, गारगोटी असली खनिजं भरली. थराचा मधला भाग सावकाश निवून घट्ट झाला. तो उभा तुटतो, त्याचा कडा होतो. भोकाळ भाग लवकर झिजतो, तिथे सपाटी मिळते. सह्याद्रीत कडा-सपाटी-कडा अशी जी रचना दिसते, ती बरीचशी यातून आली. हे कळल्यावर चढण वेगळीच वाटते: छातीवर येणारा टप्पा, मग दम खायला जागा, की समजायचं, बहुधा थर बदलला.

स्फटिक बघा, पण दगड फोडू नका आणि सॅकमध्ये तर मुळीच भरू नका. आम्ही धोंड्याशी बसलेलो असताना एक टोळी घड्याळ बघत धावत वर गेली. आपण किती वेळात चढलो हे जाताजाता ओरडून सांगितलंही. खरे ट्रेकर म्हणे! ओढा कुठे ओलांडला हे तरी त्यांना आठवत असेल का, कोण जाणे.

माथ्याच्या जरा अलीकडे गुहा. याच कातळात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे: राणी नागनिका, यज्ञ, दानं आणि त्या दानांचे आकडे. राजघराण्याच्या पुतळ्यांची वर नावं उरलीत, खाली पावलांच्या खुणा. सोपारा-कल्याणकडचा माल याच घाटाने जुन्नरला चढायचा. वर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. आम्ही गेलो तेव्हा त्यात वेफर्सच्या पिशव्या आणि पाण्याची बाटली होती. जुन्नरकडून गाडी थेट वर येते, त्यामुळे पावसाळी रविवारी तिथे स्पीकरही वाजतात. जमलं तर मधला वार गाठा.

उतरताना गुहेखालच्या दगडी पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे घाई नको. उजेड असेपर्यंत हमरस्ता गाठा. रविवारी संध्याकाळी कल्याणकडे जाणाऱ्या एसट्या भरून येतात आणि हात दाखवला तरी थांबतीलच असं नाही.