हृदयावरील शस्त्रक्रियेनंतरची विरळा संकटे

हृदयावरील शस्त्रक्रिया ही आज केवळ महानगरांतील धनिकांची गोष्ट राहिलेली नाही. २०१२ साली राज्यातील काही जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाऊ लागली. या योजनेमुळे शेतमजूर, लहान शेतकरी व त्यांची मुले यांच्यावरही अशा शस्त्रक्रिया होऊ लागल्या आहेत. रुग्ण आठ-दहा दिवसांनी गावी परततो. त्याची खरी परीक्षा पुढे, शल्यचिकित्सक शेकडो किलोमीटर दूर असताना सुरू होते. बहुसंख्य रुग्ण विनासायास बरे होतात हे खरे. परंतु थोड्यांच्या वाट्याला येणारी काही संकटे अशी आहेत की, ती वेळीच ओळखली न गेल्यास यशस्वी शस्त्रक्रियाही वाया जाते. ही ओळख रुग्णाच्या आसपास वावरणाऱ्यांनाही असावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे. औषधयोजना हा डॉक्टरांचाच अधिकार होय.

पहिले काही दिवस

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात काही रुग्ण, विशेषतः वयोवृद्ध, भ्रमिष्टासारखे वागतात. माणसे ओळखत नाहीत, रात्री उठून चालू लागतात. नातेवाईक घाबरतात आणि कोणी ‘बाहेरचे’ पाहण्याचाही सल्ला देतो. वस्तुतः ही वैद्यकशास्त्राला परिचित असलेली अवस्था असून ती बहुधा काही दिवसांत ओसरते. मात्र ती डॉक्टरांच्या कानावर घातलीच पाहिजे, कारण तिच्यामागे जंतुसंसर्ग, रक्तातील क्षारांचे असंतुलन किंवा क्वचित पक्षाघातही असू शकतो.

छातीचे मधले हाड कापून ते तारेने पुन्हा जोडलेले असते. ते सांधण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर पाण्याची घागर, धान्याचे पोते, दुचाकीवरील प्रवास वर्ज्य समजावा. खोकताना हाड सरकल्यासारखे वाटणे, त्यातून कटकट आवाज येणे किंवा जखमेतून स्राव येणे, ही खोलवरच्या संसर्गाची खूण असू शकते. वरून मलमपट्टी करीत राहून अशा वेळी दिवस घालवू नयेत.

एक ते सहा आठवड्यांच्या सुमारास काहींना ताप येतो व छातीत दुखते. हृदयाभोवतीच्या आवरणाला आलेली ही सूज असू शकते आणि ती औषधांनी आटोक्यात येते. पण त्याच आवरणात रक्त किंवा पाणी साचून हृदय दाबले गेले तर प्रसंग निराळा. धाप लागते, रक्तदाब उतरतो, मानेच्या शिरा फुगतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही हा धोका असतो. येथे उपाय एकच : साचलेला द्रव तातडीने काढून टाकणे. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस विनाविलंब पाचारण करावे.

कृत्रिम झडप आणि तिचा आवाज

आपल्याकडे सांधेहृदयज्वरामुळे झडपा निकामी झालेले रुग्ण पुष्कळ, आणि ते बहुधा तरुण असतात. त्यांना यांत्रिक झडप बसविली जाते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेली अशी भारतीय झडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम एका रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली. यांत्रिक झडप मिटताना बारीक टिकटिक होते. रात्रीच्या शांततेत ती शेजारी झोपलेल्यासही ऐकू येते. ही टिकटिक मंदावली वा थांबली आणि सोबत धाप लागू लागली, तर झडपेवर रक्ताची गुठळी जमल्याचा संशय घ्यावा. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन किंवा पुन्हा शस्त्रक्रिया एवढेच मार्ग तेव्हा उरतात. उशीर प्राणावर बेततो.

ही गुठळी टाळण्यासाठी वॉरफॅरिन किंवा त्याच जातीचे औषध जन्मभर घ्यावे लागते. या औषधाचा उगम मोठा नवलाचा आहे. सडलेले गोड क्लोव्हर गवत खाऊन उत्तर अमेरिकेतील गुरे रक्तस्रावाने मरू लागली, त्या शोधातून ते निघाले. १९४८ मध्ये ते उंदीर मारण्यासाठी विकले जाऊ लागले आणि १९५४ पासून माणसांसाठी वापरात आले. मात्रा कमी पडली तर गुठळी, अधिक झाली तर रक्तस्राव, अशी ही तारेवरची कसरत असते. म्हणून आय.एन.आर. ही रक्ततपासणी नियमित हवी. महाधमनीच्या झडपेसाठी हा अंक सामान्यतः २ ते ३, तर डाव्या कप्प्यांमधील झडपेसाठी २.५ ते ३.५ ठेवतात. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊन भरून काढू नये. पालेभाजी सोडण्याची गरज नाही. तिचे प्रमाण मात्र रोजच्या आहारात सारखे असावे. अंगदुखीच्या गोळ्या, अनोळखी चूर्णे यांनी रक्तस्राव वाढू शकतो. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन हे औषध याच्या उलट वॉरफॅरिनचा प्रभाव घटविते, ही बाब ग्रामीण भागात विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. काळे शौच, थांबत नसलेला घोळणा फुटणे, डोक्यावरील मार, यांपैकी काहीही झाल्यास थेट रुग्णालय गाठावे.

विवाहित तरुणींबाबत एक गोष्ट स्पष्टपणे बोलली जात नाही, ती येथे सांगणे अवश्य आहे. वॉरफॅरिनमुळे गर्भावर, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, दुष्परिणाम होऊ शकतो. आणि गोळी परस्पर बंद केली तर मातेच्या झडपेवर गुठळी होते. म्हणून गर्भधारणेपूर्वीच हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. आशा कार्यकर्तीस अशा स्त्रीची माहिती असणे इष्ट.

न उतरणारा ताप

झडप बदललेल्या रुग्णाचा ताप हा साधा ताप समजू नये. झडपेवर जंतू रुजले असल्यास ते रक्ताच्या संवर्धन-तपासणीत सापडतात. परंतु तपासणीआधीच प्रतिजैविके दिली तर जंतू लपतात व निदान हुकते. आधी रक्ताचे नमुने, मग औषध, हा क्रम महत्त्वाचा. उपचार सुमारे सहा आठवडे चालतो.

याहून विरळा प्रकार स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे उघडकीस आला. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्ताचे तापमान राखणाऱ्या यंत्राच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम चिमेरा हा क्षयजंतूंच्या कुळातील जंतू वाढत होता आणि हवेतील सूक्ष्म तुषारांतून तो जखमेत शिरत होता. २०१३ मध्ये पहिल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. आजाराची लक्षणे मात्र शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी दिसत. ताप, रात्रीचा घाम, वजनातील घट, म्हणजे अगदी क्षयरोगाचेच चित्र. म्हणूनच जुन्या शस्त्रक्रियेचा उल्लेख कितीही वर्षे लोटली तरी डॉक्टरांकडे करावा आणि रुग्णालयाचे कार्ड जपून ठेवावे.

शाळांतील दंततपासणीच्या प्रसंगी शिक्षकांनी हेच कार्ड मागवून घ्यावे. कृत्रिम झडप असलेल्या मुलाचा दात काढावयाचा असल्यास एक तास आधी प्रतिजैविकाची एक मात्रा द्यावी लागते. ती मात्रा त्याच्या वजनावरून ठरते आणि वॉरफॅरिन चालू असल्यास आय.एन.आर.देखील आधी पाहावा लागतो.